पानावर थोडा तांबेरा दिसला तर बिघडत नाही

फेब्रुवारीत गव्हातून आडवं चालत गेलात आणि पलीकडच्या बांधावर पोचेपर्यंत लेंग्याला विटकरी रंग चढला, तर ती माती नसते. माती झटकली की पडते. हा रंग बोटाने घासला की आणखी पसरतो. ते तांबेऱ्याचे, म्हणजे गव्हावर येणाऱ्या एका बुरशीच्या रोगाचे, बीजाणू. पानावरचा एक फोड रोज तीन हजारांपर्यंत बीजाणू सोडू शकतो, आणि तेही दोन-तीन आठवडे.

निफाडजवळच्या गहू संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांची नावं नाशिककरांच्या ओळखीचीच आहेत: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. नावापुढचे ‘एनआयएडब्ल्यू’ किंवा ‘एनआयडीडब्ल्यू’ असे सांकेतिक शब्दही सरळ आहेत. पहिली दोन अक्षरं निफाडची, तिसऱ्या जागी ए असेल तर सरबती, म्हणजे पोळीचा गहू, आणि डी असेल तर बन्सी. या वाणांच्या माहितीपत्रकात एक शब्द हमखास असतो, ‘तांबेरा प्रतिकारक’. तो वाचून आपण समजतो की आता तांबेरा येणारच नाही. मग एखाद्या वर्षी पानावर चार ठिपके दिसले की बियाणं खोटं निघालं अशी ओरड होते. खरी गोष्ट जवळजवळ उलटी आहे. पानावर एकही ठिपका न दिसणारं वाण पुष्कळदा एका फटक्यात कोसळतं, आणि थोडा तांबेरा अंगावर घेऊन उभं राहणारं वाण वर्षानुवर्षं टिकतं. असं का होतं हे कळायला आधी बुरशीची ओळख करून घ्यावी लागेल.

कोणता तांबेरा, कुठून येतो

गव्हावर तीन तांबेरे येतात. पानावरचा नारिंगी तांबेरा, खोडावरचा काळा तांबेरा आणि पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा तांबेरा. पिवळ्याला दहा ते पंधरा अंशांचा गारवा लागतो, म्हणून तो पंजाब-हिमाचलची डोकेदुखी आहे. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो खरा, पण ती थंडी काही रात्रींची. दिवसा ऊन तापतं. आपल्याकडे भीती पहिल्या दोघांची. नारिंगी तांबेरा पंधरा ते वीस अंशांत रुजतो. काळ्याला रुजल्यावर पंचवीस-तीस अंशांची ऊब हवी असते, म्हणून डिसेंबरात पेरलेला उशिराचा गहू त्याच्या तावडीत जास्त सापडतो.

द्राक्षावर किंवा सोयाबीनवर जो तांबेरा म्हणतात त्याचा गव्हाशी काही संबंध नाही. नाव एकच असलं तरी बुरशी वेगळी. गव्हाचा काळा तांबेरा आणि ओटचा काळा तांबेरा तर एकाच जातीच्या बुरशीचे आहेत, तरी गव्हावर पोसलेली बुरशी ओटवर वाढत नाही आणि ओटवरची गव्हावर वाढत नाही. तिची खोड एवढी पक्की आहे.

तांबेऱ्याची बुरशी जिवंत हिरव्या पानावरच जगते. मेलेल्या काडीवर किंवा मातीत तिचे हे बीजाणू उन्हाळा काढू शकत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात सगळे मरतात. मग पुढच्या जानेवारीत ते येतात कुठून? हे कोडं आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी सोडवलं. उन्हाळ्यात गहू हिरवा राहतो तो डोंगरात. काळा तांबेरा नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वर येतो, तर पानावरचा तांबेरा तिकडूनही येतो आणि हिमालयाकडूनही. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की दक्षिणेतले बीजाणू ढगांबरोबर मध्य भारतापर्यंत येतात आणि पावसाबरोबर खाली उतरतात. म्हणून शेताची स्वच्छता, फेरपालट, बीजप्रक्रिया या एरवी चांगल्या सवयी असल्या तरी तांबेऱ्यापुढे त्यांचं फार चालत नाही. वाऱ्यावरून येणाऱ्याला बांध अडवत नाही. त्याला पानानेच अडवायला हवं.

एक फोटो हातात घेतलेला शिपाई

रोगप्रतिकार आनुवंशिक असतो आणि मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरतो, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी १९०५ मध्ये गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावर दाखवलं. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात हॅरोल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून याची दुसरी बाजू उलगडली. झाडातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असतं. बुरशी पानात शिरताना काही प्रथिनं आत सोडते. झाडाचं जनुक त्यातलं नेमकं एक प्रथिन ओळखतं. ओळख पटली की ती पेशी स्वतःला मारून घेते, आणि जिवंत पेशी मिळाली नाही म्हणून बुरशी उपाशी मरते. पानावर उरतो टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका.

कुंभमेळ्यात रामकुंडावर एका शिपायाच्या हातात एका खिसेकापूचा फोटो आहे असं समजा. तो चोर आला की शिपाई त्याला शंभर टक्के पकडणार. पण चोराने मिशी काढली, की तोच माणूस त्याच शिपायासमोरून स्नान करून जाईल. लाखो बीजाणूंत एखाद्याच्या त्या प्रथिनात अपघाताने बदल झाला, तर तो असाच निसटतो. शेतात बाकी सगळ्या उपजाती अडलेल्या असतात, म्हणून या एकालाच मोकळं रान मिळतं. दोन-चार हंगामांत तो सगळीकडे होतो. बुरशीच्या अशा उपजातींना पॅथोटाइप म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात: आपल्या भागात पानावरच्या तांबेऱ्याचा ७७-५ आणि खोडावरच्याचा ४०-ए हे दोन नेहमीचे. ‘प्रतिकारक’ या शब्दापुढे ‘कोणत्या पॅथोटाइपला’ हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

याचं मोठं उदाहरण म्हणजे एसआर ३१ हे जनुक. (एसआर म्हणजे ‘स्टेम रस्ट’, खोडावरचा तांबेरा.) राय नावाच्या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणला गेला आणि त्याबरोबर हे जनुक आलं. काळ्या तांबेऱ्याला ते इतकं पक्कं अडवायचं की जगभरच्या असंख्य वाणांत तेच बसलं, भारतातल्याही. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारा पॅथोटाइप सापडला. यूजी ९९ म्हणतात तो हाच. नंतर तो पूर्व आफ्रिकेतून येमेन आणि इराणपर्यंत पोचला. जनुकात दोष नव्हता. दोष होता तो एवढ्या मोठ्या मुलखात एकाच शिपायाच्या भरवशावर झोपी जाण्यात.

दुसरी तऱ्हा

त्याच रामकुंडावर दुसरी योजना करता येते. फोटो नको, रस्तेच अरुंद करा, बॅरिकेड लावा, एका वेळी थोडीच माणसं सोडा. चोर कोणीही असो, त्याचं काम मंदावतं. गव्हात अशी जनुकं आहेत. सगळ्यात प्रसिद्ध एलआर ३४ (एलआर म्हणजे ‘लीफ रस्ट’, पानावरचा तांबेरा). ते कोणालाही ओळखत नाही. ते पेशीच्या पडद्यातून पदार्थांची ने-आण करणारं प्रथिन बनवतं, आणि ते जिथे असतं तिथे तांबेऱ्याची बुरशी हळू वाढते, फोड कमी येतात, लहान येतात, उशिरा फुटतात. त्याची नेमकी रचना २००९ मध्ये उलगडली, पण शेतात ते पन्नासहून अधिक वर्षं टिकून आहे. पानावरचा, पिवळा आणि काळा अशा तिन्ही तांबेऱ्यांवर, शिवाय भुरीवरही त्याचा थोडा-थोडा परिणाम होतो. एलआर ४६ आणि एलआर ६७ ही त्याच पठडीतली. काळ्या तांबेऱ्यासाठी एसआर २ आहे.

‘थोडा-थोडा’ ऐकून नाक मुरडू नका. हिशेब करून बघू. समजा संवेदनशील वाणावर एका फोडापासून नवा फोड यायला आठ दिवस लागतात आणि एका फोडाचे दहा यशस्वी फोड होतात. अठ्ठेचाळीस दिवसांत सहा पिढ्या होतील, म्हणजे एका फोडाचे दहा लाख. आता मंद तांबेऱ्याच्या वाणावर तोच काळ बारा दिवसांचा आणि दहाऐवजी पाच फोड धरा. तेवढ्याच दिवसांत चार पिढ्या, आणि फोड ६२५. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण गणित याच चालीचं असतं. दाणा भरून होईपर्यंत ध्वजपान, म्हणजे ओंबीच्या लगतचं शेवटचं पान, हिरवं राहिलं की उत्पादनाला धक्का लागत नाही. पानावर तांबेरा आहे तो आहे. त्याने काही बिघडत नाही.

एकट्या एलआर ३४ वर मात्र भागत नाही. तांबेऱ्याच्या जोराच्या वर्षात ते एकटं कमी पडतं. अशी चार-पाच जनुकं एका झाडात जमली की पान जवळजवळ स्वच्छ राहतं, असा मेक्सिकोतल्या सिमिट या गहू संस्थेचा अनुभव आहे. अवघड आहे ते ही सगळी एका झाडात जमवणं.

संकर: चिमटा, पिशवी आणि संयम

गहू स्वतःचंच परागण करतो, तेही बहुतेक फूल उघडायच्या आधीच. म्हणून संकर करायचा तर मादी झाडाचे परागकोश ते फुटण्यापूर्वी काढावे लागतात. ओंबी पोटरीतून नुकतीच बाहेर आलेली आणि परागकोश अजून हिरवे असताना हे काम करायचं. पिवळे झाले असतील तर ती ओंबी सोडून द्यावी, उशीर झालेला असतो. खालची आणि टोकाची कमजोर कणसुलं, म्हणजे ओंबीतले फुलांचे छोटे गुच्छ, काढून टाकायची. उरलेल्या प्रत्येक कणसुलात मधली फुलं चिमट्याने उपटायची आणि बाजूची दोन ठेवायची. तुसाचा वरचा तिसरा हिस्सा कात्रीने छाटला की आत बघता येतं. प्रत्येक फुलातले तीन परागकोश न फोडता काढायचे. एकही फुटला तर त्या फुलात स्वपरागण होणार, म्हणून ते फूलच काढून टाकावं. अशा रीतीने एका ओंबीत चोवीस-अठ्ठावीस फुलं उरतात. वर बटर पेपरची पिशवी, देठाला तारखेचा टॅग.

दोन-तीन दिवसांनी कुक्षी पिसासारखी फुलते. तेव्हा नर वाणाची फुलायला आलेली ओंबी कापायची, तुसं छाटायची आणि काही मिनिटं उन्हात धरायची. परागकोश पिवळे होऊन बाहेर लोंबू लागले की पिशवीच्या तोंडातून ती ओंबी आत घालून दोन बोटांत गरागरा फिरवायची. हात बसलेल्या माणसाला एका ओंबीतून वीसच्या आसपास दाणे मिळतात. ते सुरकुतलेले दिसतात, पण उगवतात. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: मिळालेला दाणा संकराचाच आहे असं गृहीत धरलं जातं. म्हणून नर निवडताना त्याच्यात डोळ्याला दिसणारा एखादा प्रबळ गुण असावा. पहिल्या पिढीत तो दिसला नाही तर ते झाड मादीचं स्वतःचंच पोर समजून उपटून टाकायचं.

ओटमध्ये हेच काम जास्त किचकट. ओटचं फूल दुपारी उमलतं, लोंबत्या कणसाला आधार द्यावा लागतो, फूल नाजूक असतं आणि दाणे गव्हाच्या मानाने कमी धरतात.

नर कुठून आणायचा हा प्रश्न सगळ्यात रंजक. हवं ते जनुक सरबती गव्हात नसेल तर नातेवाइकांकडे जावं लागतं, आणि इथे आपल्या घरातलं एक नाव जगाच्या यादीत आहे. अमेरिकेत एल्विन स्टॅकमन यांनी १९२०च्या दशकात काळ्या तांबेऱ्याचे पॅथोटाइप ओळखण्यासाठी बारा गव्हांचा जो संच ठरवला, त्यात एकाचं नाव आहे ‘खपली’. तीच आपली खपली, जिच्या रव्याची खीर होते. बाकीचे गहू तांबेऱ्याने भरून गेले तरी खपली बहुतेक पॅथोटाइपना दाद देत नसे. खपलीतून पुढे ऑस्ट्रेलियातल्या संकरांवाटे आलेलं एसआर १३ हे जनुक यूजी ९९ लाही अडवतं. एसआर २ सुद्धा खपलीच्याच जातकुळीतल्या, यारोस्लाव्ह नावाच्या रशियन गव्हातलं. एडगर मॅकफॅडन यांनी ते दक्षिण डकोटात सरबतीसारख्या गव्हात उतरवलं आणि त्या वाणाला नाव दिलं ‘होप’.

खपलीची गुणसूत्रं अठ्ठावीस, सरबतीची बेचाळीस. संकराच्या झाडात येतात पस्तीस, त्यातली सात जोडीदाराविना. म्हणून ती झाडं बरीचशी वांझ असतात आणि ओंबीत चार-दोन दाणे मिळाले तरी नशीब. त्या दाण्यांची झाडं पुन्हा पुन्हा सरबतीशी संकरित करायची, याला उलट संकर म्हणतात. पहिल्या संकरात सरबतीचा वाटा ५० टक्के, एका उलट संकराने ७५, मग ८७.५, ९३.७५ आणि चौथ्याने ९६.९ च्या आसपास. प्रत्येक पायरीवर तांबेऱ्याची चाचणी घेऊन जनुक हाताशी आहे ना हे बघायचं, नाहीतर सहा वर्षांनी हातात मूळचाच सरबती येतो.

आणि जनुक एकटं येत नाही, शेजाऱ्यांना घेऊन येतं. रायच्या ज्या तुकड्यावर एसआर ३१ आहे तो कणीक चिकट करतो. एलआर १९ हे रानगवतातून आणलेलं जनुक पिठाला पिवळी झाक देतं. बन्सीला ती शोभते, पोळीच्या गव्हाला गिऱ्हाईक नाक मुरडतं. तांबेऱ्याला हरवलेला गहू तव्यावर हरला तर तो कोणी पेरत नाही.

किती झाडं लावायची

दुसऱ्या पिढीत जनुकांची खरी सोडत निघते. दोन जनुकं दोन्ही बाजूंनी पक्की झालेलं झाड सोळात एक निघतं. असं निदान एक झाड ९५ टक्के खात्रीने हवं असेल तर सत्तेचाळीस झाडं पुरतात. चार जनुकांना २५६ मध्ये एक, म्हणजे ७६६ झाडं. पाच जनुकांना १०२४ मध्ये एक, तीन हजारांहून जास्त झाडं. आणि हे फक्त तांबेऱ्याचं झालं. उंची, दाण्याचा आकार, पक्वता हे सगळं त्याच झाडात हवं. म्हणून पैदासकार दुसऱ्या पिढीलाच परिपूर्ण झाड शोधत बसत नाहीत. निम्मं-अर्धं जमलेली बरीच झाडं पुढे नेतात. दर पिढीला मिश्रपणा अर्धा होतो, सहाव्या पिढीला तीन टक्के उरतो, आणि तेव्हा ओळ एकसारखी दिसू लागते.

वर्षाला एकच रब्बी, त्यामुळे ही सहा वर्षं झाली. म्हणून मधल्या उन्हाळ्यात बी नीलगिरीतल्या वेलिंग्टनला किंवा हिमाचलमधल्या लाहौलला पाठवून आणखी एक पिढी काढतात. वेलिंग्टनला दुहेरी फायदा असतो. तांबेरा तिथे घरचाच आहे, चाचणी आपोआप होते. महाराष्ट्रात तेच काम महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्रात चालतं.

मुद्दाम लावलेला रोग

प्रतिकार दिसायचा तर रोग हवा, आणि तो निसर्गावर सोडून चालत नाही. चाचणीच्या शेतात प्रत्येक ओळीला एक मीटर जागा, दर वीस ओळींनंतर एक ओळ अति संवेदनशील गव्हाची, आणि सगळ्या वाफ्याभोवतीही तोच गहू. ‘आग्रा लोकल’ हा त्यासाठीचा जुना, ठरलेला गहू. त्याला जवळपास प्रत्येक पॅथोटाइप लागतो. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी शेत ओलवायचं, संध्याकाळी बीजाणू पाण्यात मिसळून फवारायचे. बीजाणू पाण्यावर तरंगतात म्हणून त्यात ट्वीन २० या साबणासारख्या द्रवाचे एक-दोन थेंब. काही फुटव्यांच्या पोंग्यात इंजेक्शनच्या सुईने तेच पाणी सोडायचं. पान रात्री सहा-आठ तास ओलं राहिलं पाहिजे.

इथे घोटाळा असा होतो. रात्री वारा सुटला, दव पडलं नाही, बीजाणू रुजलेच नाहीत. पंधरा दिवसांनी सगळ्या ओळी स्वच्छ दिसतात आणि नवखा माणूस खूश होऊन वहीत ‘प्रतिकारक’ लिहून मोकळा होतो. म्हणून पहिली नजर आग्रा लोकलवर टाकायची. तो फोडांनी लाल झाला नसेल तर त्या वर्षीची वही फाडून टाकावी. दुसरी फसगत लवकर पिकणाऱ्या ओळींची. तांबेरा जोरात येईपर्यंत त्या पिवळ्या पडलेल्या असतात. त्या रोगातून निसटलेल्या असतात, प्रतिकारक नसतात.

मोजणीच्या दोन पद्धती आहेत. रोपावस्थेत, सात दिवसांच्या रोपांवर एकच पॅथोटाइप लावून बारा-चौदा दिवसांनी शून्य ते चार असे गुण देतात. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे मोठे मोकळे फोड. दोनपर्यंत प्रतिकारक मानायचं. मोठ्या पिकात पानाचा किती टक्के भाग भरला ते आणि फोडाची जात, दोन्ही लिहितात. ‘६०एस’ म्हणजे साठ टक्के, मोठे फोड. ‘४०एमएस’ म्हणजे चाळीस टक्के, मध्यम. फोडाच्या जातीला गुणक असतो: आर (प्रतिकारक) ला ०.२, एमआर (मध्यम प्रतिकारक) ला ०.४, एमएस (मध्यम संवेदनशील) ला ०.८, एस (संवेदनशील) ला १. म्हणून ४०एमएस चा हिशेब ३२, आणि १०एमआर चा ४. या मोजपट्टीत शंभर टक्के म्हणजे सगळं पान झाकलेलं नव्हे. प्रत्यक्षात पानाचा ३७ टक्के भाग फोडांनी भरला की शंभर धरतात, कारण त्यापेक्षा जास्त फोड पानावर मावतच नाहीत.

आता लेखाच्या सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. शून्य दिसलं की हात आपोआप त्या ओळीकडे जातो. पण शून्याची ओळ बहुधा एका जोरदार जनुकाची असते, फोटोवाल्या शिपायाची. तिच्या आड मंद तांबेऱ्याची जनुकं आहेत की नाहीत ते कळायला मार्गच उरत नाही. त्याउलट रोपावस्थेत तीन-चार गुण मिळवून नापास झालेली, पण मोठ्या पिकात शेजारी ८०एस असताना स्वतः २०एमएस वर थांबलेली ओळ म्हणजे खरी दौलत. ही जनुकं रोपात झोपलेली असतात, वाढलेल्या झाडात काम करतात. दर आठ-दहा दिवसांनी तीन-चार वेळा मोजणी केली तरच ती सापडतात. हंगामाच्या शेवटी एकदाच बघणाऱ्याला सगळं शेत सारखंच तांबडं दिसतं.

डोळ्यांना दोन खुणाही मदत करतात. एलआर ३४ असलेल्या गव्हाच्या पानांची टोकं ओंबी आल्यावर वाळतात. एसआर २ असेल तर तुसावर आणि पेऱ्याखाली काळसर छटा येते. शेतकरी याला रोग समजतात, आणि गंमत म्हणजे काही पैदासकारांनीही काळा गहू ‘वाईट दिसतो’ म्हणून तो फेकून एसआर २ गमावलं आहे. आता पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून खूण तपासता येते. त्याने रोपटं हातभर वाढायच्या आत निवड होते, पण आग्रा लोकलच्या शेजारी उभं करण्याची परीक्षा काही टळत नाही.

ओटने शिकवलेला धडा

नाशिक-सिन्नरकडे दुभती जनावरं असलेल्यांना ओट माहीत आहे तो चाऱ्याचा, केंट किंवा फुले हरिता. पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिली कापणी होते, म्हणून ओटचा तांबेरा इथे पोट भरायच्या आत पीकच गोठ्यात जातं. दाण्यासाठी ओट पिकवणाऱ्या अमेरिकेत मात्र पानावरचा तांबेरा, ज्याला तिकडे मुकुट तांबेरा म्हणतात, शंभर वर्षं छळतो आहे. तिथे बकथॉर्न नावाचं काटेरी झुडूप आहे, आणि त्यावर ही बुरशी दर वसंतात लैंगिक संकर करून नवनवे पॅथोटाइप काढते. भारतात गव्हाच्या तांबेऱ्याला अशी सोय व्यवहारात मिळत नाही, त्याला अपघाती बदलांवरच भागवावं लागतं. त्यामुळे आपल्याकडे नवे पॅथोटाइप त्या मानाने सावकाश येतात.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस उरुग्वेहून ‘व्हिक्टोरिया’ नावाचा ओट अमेरिकेत आला. त्याच्या पीसी २ या जनुकाने मुकुट तांबेरा अडवला. १९४०च्या दशकात तिथल्या ओटच्या मोठ्या क्षेत्रावर त्याचीच पोरं-नातवंडं उभी होती. १९४६ मध्ये मुळांवर आणि खोडावर करपा आणणारी एक वेगळीच बुरशी उसळली, आणि तिने वेचून व्हिक्टोरियाचं रक्त असलेले ओटच मारले. ही बुरशी एक विष सोडते, आणि ते विष बाधतं ते नेमकं पीसी २ असलेल्या झाडांना. तांबेऱ्याचा प्रतिकार ठेवून करप्याची खोड काढून टाकायचे कितीतरी प्रयत्न झाले. दोन गोष्टी वेगळ्या झाल्या नाहीत. कारणही सरळ आहे: विष पाहून पेशी तेच करते जे तांबेरा पाहून करते, स्वतःला मारून घेते. तांबेऱ्याला जिवंत पेशी लागते म्हणून तो उपाशी मरतो. करप्याला मेलेली पेशी हवी असते, त्याला आयती मेजवानी मिळते. व्हिक्टोरियाच्या जागी ‘बाँड’ वंशाचे ओट आणले, तर काही वर्षांतच मुकुट तांबेऱ्याने त्यांनाही गाठलं.

यातून आयोवात एक कल्पना निघाली. एकच ओट, पण आठ-दहा ओळींचं मिश्रण. दिसायला सारख्या, प्रत्येकीत वेगळं जनुक. १९६८ मध्ये अशी मिश्रवाणं शेतात गेली. एका झाडावरून उडालेला बीजाणू बहुधा त्याला न मानवणाऱ्या झाडावर पडतो. भारतातही १९७०च्या दशकात कल्याणसोना गव्हाची अशी मिश्रणं तयार झाली. कल्पना चांगली होती, पण प्रत्येक ओळ वेगळी सांभाळून बी तयार करणं इतकं खटाटोपाचं की ती मागे पडली.

शेतावर याचा उपयोग

संकरापासून नवं वाण हाती यायला दहा-बारा वर्षं लागतात. त्यात शेवटची तीन-चार देशभरच्या चाचण्यांची. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात निवड असते ती वाणांची आणि वेळेची. सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका; दोन एकर असतील तरी दोन वाणं पेरा. गावभर एकच वाण असणं बुरशीला सगळ्यात सोयीचं. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तर दाणा भरण्याचा मोठा भाग तांबेऱ्याच्या ऐन जोराआधी उरकतो. युरियाचा हात सैल सुटला तर लुसलुशीत पान बुरशीला आवडतं. द्राक्षाच्या सवयीने गव्हावरही दर आठवड्याला फवारणीची घाई करू नका. ध्वजपानावर मोठे फोड चढू लागले आणि दाणा अजून दुधात असेल तरच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी लिटरला १ मिली या प्रमाणात एक फवारणी फायद्याची ठरते. दाणा कडक झाल्यावर ती पैशाची उधळण आहे.

आणि प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर तांबेरा दिसला तर आधी फोड नीट बघा. लहान फोड आणि भोवती पिवळं किंवा वाळलेलं कडं असेल तर झाड लढतंय, त्याला लढू द्या. फोड मोठे, फुटलेले आणि भोवतीचं पान हिरवंगार असेल तर नवा पॅथोटाइप असण्याची शक्यता आहे. अशी आठ-दहा पानं तोडून सावलीत तासभर सुकवा आणि कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, घामेजून साध्या बुरशीने ती कुजतात आणि बीजाणू मरतात. पाकिटावर वाणाचं नाव, गाव, पेरणीची तारीख आणि पानं तोडल्याची तारीख लिहून निफाडच्या केंद्रात किंवा जवळच्या कृषी कार्यालयात द्या. पॅथोटाइप ओळखण्याचं काम सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात होतं आणि तिथे नमुना जिवंतच पोचावा लागतो, म्हणून पानं तोडली त्याच दिवशी पाकीट हलवा.